बँकेतून आलेला प्रोसेसर

आमच्या गल्लीत भंगारवाला दर आठवड्याला येतो. पत्रा, रद्दी, फुटक्या बादल्या, सगळं घेऊन जातो. किस्से मात्र कुणी उचलून नेत नाही, म्हणून ते साचत राहतात. त्यातले निम्मे माझ्याकडंच साचतात, कारण माझ्या स्वयंपाकघराची खिडकी थेट तात्यांच्या बैठकीसमोर उघडते. लोक म्हणतात, मंगलबाईला चौकशा फार. आता गवंड्यानं खिडकीच तिथं काढली, त्याला मी काय करू?

मी सातवी पास. कंप्युटरबद्दल मला एवढंच कळतं की त्याच्यावर ओला फडका फिरवायचा नसतो. तेही एकदा फिरवल्यावर कळलं. तरी त्या आठवड्यात जे झालं ते मी जवळून पाहिलं. जवळून म्हणजे अगदी मध्ये उभं राहून! कळलं किती, ते विचारू नका.

*

तात्या म्हणजे आमचे शेजारी. वालचंदनगरला कारखान्यात फिटर होते, रिटायर झाल्यावर इंदापुरात घर बांधलं. मुलगा नितीन बारामतीला एमआयडीसीत शिफ्टमध्ये, त्यामुळं घरात तो दिसतो कमी आणि फोनवर ऐकू येतो जास्त. सून सुजाता डिप्लोमा झालेली. पोरगी झाली तेव्हा तिनं नोकरी सोडली. आता घरी बसून ठिबकचे नकाशे काढते. शेत कुठं, विहीर कुठं, मोठी लाइन कुठून न्यायची, कुठल्या ओळीला किती नळी, हे सगळं कंप्युटरवर. काम पुण्याच्या एका ऑफिसचं.

आतापर्यंत एकराचे, दोन एकराचे तुकडे यायचे. त्या बुधवारी पुण्याच्या मॅडमनी बावड्याचा बावीस एकर डाळिंबाचा प्लॉट धाडला. म्हणाल्या, "सोमवारी दहाच्या आत नकाशा आला तर वर्षभराचं काम तुमचं. नाहीतर दुसऱ्या एक जणी तयार आहेत."

आणि कंप्युटर तर बसला मटकन!

"काकू, एक रेघ मारते," सुजाता मला म्हणाली, "आणि तव्यावर भाकरी टाकते. भाकरी फुगते तेव्हा कुठं रेघ उमटते."

मी म्हटलं, "मग बावीस एकराला किती भाकरी लागतील गं?"

सुजाता हसली नाही. तेव्हा मला कळलं, प्रकरण गंभीर आहे.

*

नितीननं फोनवर निदान केलं, "प्रोसेसर बदला."

तात्यांनी चष्मा लावला, स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि खोक्याचं झाकण उघडलं. आत जाळी, धूळ आणि पालीची दोन अंडी. तात्यांनी अंडी काढली. धूळ बघून म्हणाले, "ही राहू दे, बघू मागनं. आदी तो कुठला ते दाखव."

सुजाता म्हणाली, "तो दिसत नाही तात्या. तो पंख्याखाली असतो."

"पंख्याखाली? आमच्या कारखान्यात पंख्याखाली फकस्त सायेब बसायचा!"

"तोच तो. सगळ्यांना हुकूम देणारा."

तात्यांनी मान हलवली. "मंग बदला की. सायेब बदलला म्हणून कुणी कारखाना पाडत न्हाय. बाकीचं सगळं हाय तेच ठिवायचं!"

तिथंच कायदा झाला. खोका जुना, पडदा जुना, बोर्ड जुना, पंखासुद्धा जुना. बदलायचा तो फक्त साहेब.

*

हे आमच्या मालकांना फार पटलं. आमचा दीड एकर ऊस आहे, त्यामुळं जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना उसात दिसते.

"म्हंजी खोडवा घ्यायचा!" ते म्हणाले. "मुळं जुनी, फुटवा नवा. बेण्याचा खर्च न्हाय, नांगरट न्हाय. कंप्युटरमधी बी हे हाय व्हय? लई भारी."

सुजाता बिचारी पोरीच्या वेण्या घालत होती. तिनं वरसुद्धा बघितलं नाही. म्हणाली, "काका, पण लागणीपेक्षा खोडव्याचं टनेज कमी येतं, असं तुम्हीच म्हणता ना?"

मालकांनी टोपी काढून परत घातली. मग म्हणाले, "पाणी किती लागतंय त्याला?"

*

गुरुवारी सकाळी तात्या आणि सुजाता बारामतीला निघाले. मलाही दाताच्या डॉक्टरकडं जायचंच होतं. दात तसा दुखत नव्हता, पण कधी दुखेल ते काय सांगता येतं?

एसटीत तात्यांनी खोका वरच्या फळीवर ठेवू दिला नाही. "हादरं बसत्यात," म्हणाले. जुन्या शालीत गुंडाळून त्यांनी तो मांडीवर घेतला आणि खड्डा आला की वरून हात ठेवायचे.

निमगावला एक आजी चढल्या. आमच्या शेजारी बसल्या. शालीकडं बघितलं, तात्यांच्या चेहऱ्याकडं बघितलं, सुजाताच्या चेहऱ्याकडं बघितलं. मग हळूच मला विचारलं, "कवापासनं हाय?"

मी म्हटलं, "बुधवारपासनं. आधी हळूहळू चालत होता, मग एकदम थांबला."

"आरारा!" आजींनी डोळ्याला पदर लावला. "बारामतीला न्हेताय ते बरं केलं. माझ्या नातवाला बी तितंच गुण आला."

आता एवढ्या मायेनं बोलणाऱ्या बाईला खरं कसं सांगायचं? उतरताना त्यांनी शालीला नमस्कार केला. तात्यांनीही केला!

*

बारामतीत मुलाणीभाऊंचं दुकान. जुने कंप्युटर घेतात, विकतात, जोडतात. त्यांनी झाकण काढून बोर्डाचा नंबर वाचला आणि म्हणाले, "तात्या, ह्या बोर्डावर आजकालचा नवा कोरा प्रोसेसर बसत न्हाय. नवा पायजे तर बोर्ड बदला. बोर्ड बदलला की जुनी रॅम बसत न्हाय. रॅम बदलली की..."

"बास, बास!" तात्यांनी हात वर केला. "शर्टाचं बटान लावायला आलोय, आन तुमी आख्खा शर्टच बदलाय लागला."

"मग दुसरा मार्ग हाय. ह्याच बोर्डावर बसणारा, पण तुमच्यापेक्षा मोठा. वापरलेला हाय."

वापरलेला म्हटल्यावर तात्या खुर्ची पुढं ओढून बसले. सोयरीक बघायला आल्यासारखी चौकशी सुरू झाली. "कुणी वापरलेला? किती वर्सं? कुठं व्हता?"

मुलाणीभाऊ म्हणाले, "बँकेत होता."

तात्यांचा चेहरा उजळला. "बँकेत? मंग नव्यासारखाच की! दोन तास तर जेवायलाच गेला आसंल रोज!"

त्याच बँकेतली रॅमची एक जादा पट्टीही मुलाणीभाऊंनी दिली. म्हणाले, "खोका दोन दिवस ठेवून जा, बसवून देतो."

"मशिन सोडून मी कुठं जात न्हाय," तात्या म्हणाले. "छत्तीस वर्सं फिटर व्हतो. बसवायचं आमी बगतो."

मुलाणीभाऊंनी सुजाताकडं बघितलं. सुजातानं खाली बघितलं. मग त्यांनी प्रोसेसर थंड राहावा म्हणून लावायच्या पेस्टची एक छोटी ट्यूब दिली आणि बजावलं, "प्रोसेसरच्या पाठीवर वाटाण्याएवढीच लावायची. वाटाण्याएवढीच! आन जुना परत आणून द्या, त्याच्यावर एक माउस देतो."

एसटी निमगावच्या पुढं आल्यावर तात्यांनी विचारलं, "वाटाना म्हंजी कोरडा का भिजवल्याला?"

*

शुक्रवारी दुपारी तात्यांनी बैठकीत सतरंजी टाकली. स्टीलच्या ताटात नवा प्रोसेसर ठेवला. नवा म्हणजे बँकेतला. मी देवळातनं येत होते, दार उघडं होतं, मग गेले आत. तात्या स्क्रू ड्रायव्हर शोधायला आतल्या खोलीत, सुजाता चहाला. ताटाजवळ मी एकटीच.

मी तो उलटा करून बघितला. बाई गं! खालची बाजू सगळी सोन्याची! बारीक बारीक ठिपके, शेकड्यांनी, रांगेत.

आता आमच्या घरात मिक्सर आला तरी त्याला हळदीकुंकू लागतं. मोटारीच्या स्टार्टरला लागतं. तात्यांचं घर बौद्ध, त्यांच्याकडं हे करत नाहीत, हे मला चांगलं ठाऊक आहे. पण सुजाताच्या वर्षभराच्या कामाचा प्रश्न होता. आणि माझ्या हातात देवळातली पुडी होती. मी म्हटलं, कुणाला कळणार आहे? एक चिमूट हळद, एक चिमूट कुंकू. नीट बसावं म्हणून अंगठ्यानं दाबलंही. मग होता तसा पालथा घातला आणि चहा प्यायला बसले.

तात्यांनी मोबाइलवर व्हिडिओ लावून घेतला. जुना काढला, नवा बसवला. फिटरचा हात, एकदम सफाईचा. मग ट्यूब दाबायला लागले. दाबतायत, दाबतायत!

"तात्या, वाटाणा! वाटाणा!" सुजाता ओरडली.

"बेरिंगला ग्रीस कमी पडू द्यायचं नसतं पोरी. कमी पडलं की जळालंच समज."

तिनं हात धरला म्हणून निम्मी ट्यूब तरी उरली.

वरून पंखा बसवला, रॅमची पट्टी बसवली आणि बटण दाबलं. पंखा फिरला. लाल दिवा लागला. पडदा मात्र काळाकुट्ट.

"नवीन हाय," मी म्हटलं. "लाजत असंल."

*

शनिवारी सकाळीही पडदा काळाच. मालकांनी प्लग काढून परत घातला. तेवढंच त्यांना येतं, ते त्यांनी चार वेळा केलं. सुजातानं रॅमच्या पट्ट्या काढून घातल्या. नितीननं फोनवरून निरनिराळ्या गोष्टी सांगितल्या आणि प्रत्येक गोष्ट करून झाल्यावर म्हणाला, "मग अवघड आहे."

तात्या बराच वेळ कॅलेंडरसमोर उभे होते. मग वळले आणि एकदम शांतपणे म्हणाले, "आज दुसरा शनिवार हाय."

"मग?"

"मंग काय मंग? बँकेतला हाय त्यो! आज कसा चालंल?"

आम्ही सगळे हसलो. सुजातासुद्धा हसली, त्या आठवड्यात पहिल्यांदा. तेवढ्यात तिच्या मोबाइलवर मॅडमचा मेसेज आला. 'जमणार नसेल तर आजच सांगा, मी दुसरीकडे देते.' तिनं उत्तर लिहिलं, 'जमेल.' लिहून तिनं मोबाइल पालथा ठेवला आणि ती परत रॅमच्या पट्ट्या काढायला बसली.

मी माझ्या अंगठ्याकडं बघितलं. कारण मला आता वाटायला लागलं होतं की ती पुडी... पण मग म्हटलं, छे! कंप्युटर म्हणजे एवढी मोठी वस्तू. चिमूटभर कुंकवाला तो कशाला अडेल?

*

रविवारी सकाळी मी चहा टाकला आणि खिडकी उघडली. समोर बैठकीत सुजाता जमिनीवर बसलेली. पुढं मोठा पांढरा कागद पसरलेला. हातात पेन्सिल. बावीस एकर हातानं काढायला घेतले होते तिनं! तात्या मोठी पट्टी धरून गुडघ्यावर बसलेले आणि विचारत होते, "हितं धरू का तितं?"

गॅस बंद केला. तशीच गेले. दारातच म्हटलं, "तात्या, मी त्याला कुंकू लावलंय."

"कुणाला?"

"सायबाला. खालनं. सोनं होतं तिथं."

दोघांनी माझ्याकडं बघितलं. सुजातानं पेन्सिल खाली ठेवली. मला वाटलं, आता ही काय बोलेल ते बोलू दे, ऐकून घ्यायचं. पण तिनं नुसता स्क्रू ड्रायव्हर आणून तात्यांच्या हातात दिला. तेच जास्त लागलं.

तात्यांनी तिथंच पंखा काढला, प्रोसेसर काढला आणि उलटा केला. कुंकू अगदी व्यवस्थित बसलं होतं. त्यांनी मुलाणीभाऊंना फोटो पाठवला. भाऊंचं उत्तर आलं, 'खराब न्हाय झालं. मेडिकलमधनं स्पिरिट आणा, कापसानं पुसा. आणि बोर्डावर काही सांडलं असेल तर हळूच फुंका. पंखा पण साफ करा, किती ती धूळ! धुळीनं मशिन तापतं आणि हळू पडतं.'

मी मेडिकलमधनं स्पिरिट आणलं. धावत गेले, धावत आले. तेवढं तरी प्रायश्चित्त.

तात्या कापूस फिरवत म्हणाले, "मंगलबाई, ह्ये मशिन आमच्या घरातलं. उभ्या हयातीत आमी कुणाला कुकू लावलं न्हाय. ते तुमचं कुकू कसं चालवून घील?"

तेव्हा सुजाता हसली. एवढी हसली की डोळ्यांतनं पाणी आलं. म्हणाली, "काकू, आता चहा तरी करा सगळ्यांना."

मग तात्यांनी सगळंच काढलं. पंख्यातनं धुळीचा नमदा निघाला, बोटभर जाड! पेस्ट पुसली. आणि कारखान्याची सवय, जुना पार्ट स्टोअरला जमा करायचा तर पुसून, चकचकीत करून द्यायचा. म्हणून त्यांनी जुना प्रोसेसरही स्पिरिटनं पुसला. ताटात दोघं शेजारी शेजारी वाळत पडले होते, जुळी भावंडं असल्यासारखे. मी चहा ओतताना ताट जरा सरकवलं. तेवढाच माझा हात लागला, शपथ!

मग तात्यांनी एक उचलला, बसवला. पेस्ट लावली, ह्या खेपेला खरंच वाटाण्याएवढी. बटण दाबलं.

पडदा उजळला!

*

आणि काय पळायला लागला म्हणता! सुजातानं रेघ मारायची, रेघ हजर. बावीस एकर असे सरसर हलवत होती की मला बघून गरगरायला लागलं. भाकरी थापायला तिला सवडच उरली नाही. त्या दिवशी त्यांच्याकडं भाकऱ्या माझ्याच घरून गेल्या.

सोमवारी साडेनऊला नकाशा पुण्याला गेला. दहा वाजले. सव्वादहा वाजले. तात्या अंगणात फेऱ्या मारत होते, मी खिडकीत. मग आतनं सुजाताचा आवाज आला, "हो मॅडम. हो. थँक यू मॅडम." आम्ही धावत गेलो तर ती खुर्चीवर बसून नुसती मान हलवत होती, होय म्हणून. वर्षभराचं काम तिचं!

तात्यांनी गल्लीत पेढे वाटले. ज्याला त्याला सांगत होते, "सायेब बदलला, बाकी काय बी बदललं न्हाय! लोकं उगं नवं घ्यायला पळत्यात."

मंगळवारी नितीन शिफ्टला जाताना जुना प्रोसेसर मुलाणीभाऊंच्या दुकानात देऊन आला आणि येताना माउस घेऊन आला. तात्यांनी पाकिटावर स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं होतं, 'वापरलेला. चालू स्थितीत. साफ केलेला.'

*

गुरुवारी मी त्यांची साखरेची वाटी परत द्यायला गेले होते. आतल्या खोलीत सुजाता मॅडमशी फोनवर बोलत होती, हसत खेळत. बैठकीत तात्यांचा फोन वाजला. मुलाणीभाऊ. तात्यांना ऐकू कमी येतं, म्हणून ते फोन स्पीकरवर लावतात. मी मुद्दाम ऐकलं असं नाही.

"तात्या, पाकिटात काय दिलंय तुमी?"

"आमचा जुना प्रोसेसर. का?"

"पाठीवर नंबर कोरलेला हाय, वाचतो का? ह्यो बँकेतला हाय. मी तुमाला दिलेला. तुमी मला माझाच परत केलाय!"

तात्यांनी फोन कानाजवळ नेला. स्पीकर मात्र चालूच राहिला.

"मंग आमच्या मशिनमधी कुठला हाय?"

"तुमचाच. पयल्यापासनं होता तोच!"

"आवं, पण पळतोय कसा मंग त्यो? घोड्यावानी पळतोय!"

"आता मला काय इचारता?" मुलाणीभाऊ म्हणाले. "छत्तीस वर्सं फिटर तुमी!"

तात्यांनी फोन बंद केला. आम्ही दोघंही कंप्युटरकडं बघत होतो, तेवढ्यात सुजाता मोबाइलवर हात ठेवून बाहेर आली. चेहरा नुसता फुललेला.

"तात्या, मॅडम विचारतायत आपण कुठला प्रोसेसर टाकला! नकाशा इतक्या लवकर आला कसा म्हणतायत. त्यांच्या ऑफिसात बारा मशिन आहेत, सगळ्यांत तोच टाकायचाय. नाव सांगा ना पटकन, लाइनवर आहेत त्या!"

तात्यांनी माझ्याकडं बघितलं.

मी म्हटलं, "अगं बाई! गॅसवर दूध ठेवून आलेय मी!" आणि चपला शोधायला लागले.

"थांबा मंगलबाई," तात्या चष्मा खिशात घालत उठले. "पातेलं मोठं हाय ना? एकट्या बाईला उतरायचं न्हाय. मी बी येतो."